ज्याचा त्याचा नाथ

एकत्र कुटुंबांत भांडणाचीं कारणें शोधावीं लागत नाहींत. न्हाणींतल्या पाण्यापासून बांधावरच्या बाभळीपर्यंत तीं हात जोडून उभींच असतात. आमच्या पाथर्डीच्या घरांत मात्र जें भांडण तीन पिढ्या टिकलें, त्यांत पाणीही नव्हतें आणि बांधही नव्हता. तें होतें आवडत्या ग्रंथकारांचें. आणि तेही कोणी तत्त्वज्ञ किंवा महाकवि नव्हेत, तर राक्षस, मांत्रिक, भुयारें आणि मंतरलेल्या तलवारी यांच्या गोष्टी रचणारे. अशा लेखकांना 'अद्भुतरम्य' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या शब्दांत थोडें कौतुक असतें आणि पुष्कळशी हेटाळणी असते. ज्याला नुसतें चांगलें म्हणण्यास कोणी धजत नाहीं, त्याला रम्य म्हणतात.

गेल्या दिवाळींत हें भांडण नव्या नांवांनीं पुन्हां पेटलें. पुतण्याचे दोन मुलगे पुण्याहून आले होते. माझी नात घरचीच. फराळाच्या ताटापाशीं विषय निघाला तो चकल्या मऊ पडेपर्यंत संपला नाहीं. थोरला नातू टॉल्किन यांचा भक्त. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक प्रथम भाषा रचीत आणि मग ती बोलणारे लोक कोठें राहत असतील याचा विचार करीत, असें त्यानें मला मोठ्या अभिमानानें सांगितलें. 1937 सालीं 'हॉबिट' आणि 1954–55 मध्यें तीन खंडांत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', हीं सालें त्याला आपल्या जन्मतिथीपेक्षां अधिक पाठ. मुग्धा कर्णिक यांनीं तो ग्रंथ 'स्वामी मुद्रिकांचा' या नांवानें मराठींत आणला आहे, हें मीं त्याला सांगितलें, तेव्हां मात्र तो गडबडला. भक्ताला आपल्या दैवताचें देऊळ शेजारच्या गल्लींत असल्याचें बहुधा ठाऊक नसतें.

धाकट्याचा पक्ष जॉर्ज मार्टिन यांचा. 1996 सालीं सुरू झालेल्या त्यांच्या कथेंत चांगल्या माणसाला चांगुलपणाबद्दल कोणतीही सवलत मिळत नाहीं. नायक समजून ज्याच्यावर जीव लावावा, त्याचें डोकें पहिल्याच खंडांत उडतें. टॉल्किन यांचा राजा सज्जन होता हें ठीक, पण त्याची सारापट्टीची व्यवस्था काय होती, अशी शंका या मार्टिन यांनीं एका मुलाखतींत काढली होती म्हणे. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत गेली, त्यामुळें ही शंका मला एकदम पटली. इतक्या राजेरजवाड्यांच्या कथांत तलाठी कोठें असतो, हा प्रश्न मलाही पुष्कळ दिवसांचा आहे.

यावर थोरल्यानें ब्रह्मास्त्र काढलें. मार्टिन यांचा पांचवा खंड 2011 सालीं निघाला, आणि सहाव्याची वाट पाहतां पाहतां वाचकांचीं लग्नें होऊन त्यांना मुलें झालीं! "जो गोष्ट पुरी करीत नाहीं, तो ग्रंथकार कसला?" असें तो म्हणाला मात्र, धाकटा ताट सारून उठला. रात्रीं तो थोरल्याच्या पंक्तीला बसला नाहीं. सुनबाईंनीं त्याचें पान स्वयंपाकघरांत वाढलें आणि मला बजावलें, "मामंजी, तुम्ही यांना हंसूं नका हं. त्यांना खरोखरच लागलेलें आहे."

नात बराच वेळ गप्प होती. तिच्या हातीं अर्सुला ले गुइन यांचें 1968 सालचें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' होतें. तिचें मत विचारलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, यांच्यासारखेंच एक भांडण या पुस्तकांतही आहे." त्या भांडणाकडे मी मागाहून येतों.

मुलांना वाटतें, हे वाद इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्या घरीं आले. पण आमचा तालुका आहे कोठें? गर्भगिरीच्या डोंगरांत. मढीला कानिफनाथांची समाधि. तेथून जवळच, पण बीड जिल्ह्याच्या हद्दींत, सावरगांवच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांची. वृद्धेश्वराचें स्थानही नाथांच्या कथांशीं जोडलेलें. आणि तिकडे नगरजवळ गोरक्षनाथांचा गड. या साऱ्यांची कथा ज्यांत आहे, तो 'नवनाथ भक्तिसार' धुंडिसुत मालू कवीनें शके 1741 मध्यें, म्हणजे 1819 सालीं पुरा केला. त्याचे अध्याय चाळीस. पेशवाई बुडून तेव्हां उणेंपुरें वर्ष झालें होतें. राज्य गेल्यावर लगेच एका कवीनें वज्रास्त्र, पर्वतास्त्र आणि वाताकर्षण यांनीं गाजणारीं युद्धें लिहावींत, यांत मला कांहीं अर्थ दिसतो. पण तो निराळा विषय आहे.

श्रावणांत आमच्याकडे या पोथीचें पारायण होई. आजी वाची, आणि आमच्या वाटेकऱ्याची आई ओसरीच्या कडेला बसून ऐके. ती मढीच्या बाजूची. रंगपंचमीला मढीची यात्रा भरते, दूरदूरच्या भटक्या जमातींचे लोक येतात, गाढवांचा मोठा बाजार भरतो. त्या यात्रेला तिची एकही खेप चुकली नव्हती. आजीचा गोरक्ष आणि तिचा कानिफ. अध्याय संपून आरती झाली कीं दोघींची जुंपे.

"काकी, तुमचा गोरख उकिरड्यांत जल्मला. आमचा म्हाराज हत्तीच्या कानांतून आला!"

"अग, उकिरड्यांतून वर यायला जास्त पुण्याई लागते. हत्तीच्या कानांत काय, नुसता वारा."

आजीला कोणी सांगितलें असतें कीं, ही पोथी आणि कादंबरी यांत कांहीं साम्य आहे, तर तिनें त्याला दुसऱ्या दिवशीं उपास घडविला असता. मीही तसें म्हणत नाहीं. पोथी ती पोथी. पण आपल्या नाथाची बाजू घेतांना तिचा आवाज जसा चढे, तसाच परवां माझ्या नातवाचा चढला, एवढें मीं पाहिलें.

त्या पोथींत कानिफ आणि गोरक्ष यांच्या भेटीची कथा आहे. कानिफ आपल्या शिष्यांसह चालला असतां एका अमराईंत दोघांची गांठ पडते. पिकलेले आंबे मंत्राच्या बळावर झाडाखालीं उतरवले जातात. खाणें आटोपतें आणि मग असा प्रश्न निघतो कीं, फळें पाडलीं हें ठीक, पण तींच पुन्हां देंठाला लावून दाखवील काय कोणी? शब्दाला शब्द लागतो, आणि दोघेही एकमेकांच्या गुरूंवर घसरतात. तुझा गुरु तो काय, स्त्रीराज्यांत रमून बसला आहे! आणि तुझा? तो तर गोपीचंदाच्या नगरांत घोड्याच्या लिदीखालीं गाडलेला आहे! आतां गंमत अशी कीं, दोघेही आपापल्या गुरूच्या शोधांतच भटकत होते. दोघांनाही पत्ता मिळाला तो प्रतिपक्षाच्या तोंडून, आणि तोही शिवीच्या रूपानें. लहानपणीं मला आंबे पुन्हां फांदीला चिकटतात एवढ्याचेंच नवल वाटे. आतां त्या पत्त्याचें अधिक वाटतें.

आमच्या घरांत असे पत्ते पुष्कळ सांपडले. तो काळ माझ्या लहानपणचा, म्हणजे 1958 सालच्या आसपासचा. थोरले काका गोविंद नारायण दातार यांचे. 'कालिकामूर्ति', 'बंधुद्वेष', 'इंद्रभुवनगुहा', 'चतुर माधवराव' हीं पुस्तकें त्यांनीं तरुणपणीं जमविलेलीं होतीं आणि दौतीच्या शाईनें प्रत्येकावर आपलें नांव घातलें होतें. काकू नाथमाधवांच्या. 1913 सालचा 'वीरधवल' त्यांनीं माहेरून आणला होता; इतर सुना माहेरून भांडीं आणतात, असें आजी म्हणे. माझे वडील हरिभाऊ आपट्यांचे. 1890 सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्राचे कांहीं जुने अंक त्यांच्यापाशीं बांधून ठेवलेले होते, आणि त्या बांधणीला हात लावण्यापूर्वीं आपला हात धुवावा लागे.

काकू काकांशीं सरळ बोलत नसत. सासूसासऱ्यांच्या देखत तर एक अक्षरही नाहीं. कोणत्या शेतांत काय पेरावें, कोणत्या मुलीला कोठें द्यावें, यांतील कशांतही त्यांचें मत घेण्याची चाल नव्हती. पण रात्रीं कंदिलाशीं काकांनीं दातार उघडले कीं स्वयंपाकघराच्या दारांतून आवाज येई, "बाळ, तिकडे विचार, एकाच माणसानें किती वेळां मरून परत यावें म्हणून." मी विचारीं. काका पुस्तकांतून मान न काढतां म्हणत, "सांग त्यांना, ज्यानें एका रात्रींत वाचकाला दिवा विझवूं दिला नाहीं, तो लेखक खरा. बाकीचे उशाला घ्यावेत." मी सांगे. त्या दहा पावलांच्या अंतरांत माझें वाङ्मयीन शिक्षण झालें. आणि दुसरी गोष्ट मला फार उशिरां उमगली: काकूंचें स्वतःचें म्हणून जें मत त्या घरानें ऐकलें आणि ज्याला उत्तर देणें भाग मानलें, तें फक्त नाथमाधवांविषयींचें होतें.

एकदां काका चिडून म्हणाले, "अंथरुणावर पडून लिहिणाऱ्याला घोड्याची दौड काय कळणार?" हें काकूंना ठाऊक नव्हतें. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, शिकारीला गेले असतां सिंहगडाच्या कड्यावरून पडले, त्यांचें कमरेखालचें अंग लुळें झालें, आणि लेखनाकडे ते वळले तें त्यानंतर, ही सारी हकीकत त्यांनीं मला काकांना विचारायला लावली. काकांनीं सांगितली, बेचाळीस–त्रेचाळीस नव्हे, तर अवघ्या सेहेचाळीसाव्या वर्षीं 1928 सालीं ते गेले, हेंही सांगितलें. त्या रात्रीं दाराकडून उत्तर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं काकू कणगीच्या आडोशाला 'वीरधवल' पहिल्या पानापासून पुन्हां वाचीत बसल्या होत्या. उलट, दातारांच्या कोणत्या पुस्तकांत कोण कोणत्या वेषानें परत येतो, हें काकांपेक्षां काकूंनाच अधिक बिनचूक सांगतां येई. कारण दोष काढण्यासाठीं त्या तीं पुस्तकें दोन दोन वेळां वाचीत.

वडील या दोघांच्या मध्यें इंग्रजी घेऊन उतरत. जॉर्ज रेनॉल्ड्स नांवाच्या लंडनच्या लेखकाच्या कादंबऱ्या गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत आपल्या देशांत फार खपत. दातारांच्या बऱ्याच कथानकांचें मूळ त्यांत आहे, आणि 'वीरधवल'चेंही त्याच्याच 'केनेथ' कादंबरींत आहे. "दोघांच्या विहिरींना झरा एकच आणि तोही परका," असें म्हणून वडील विजयानें पान जमवीत. काका यावर ओशाळे होत. काकू होत नसत. "लोंकर विलायती असेना कां," त्यांचा निरोप आला, "थंडी आपल्याच अंगाची गेली ना? भावोजींना म्हणावें, आपल्या हरिभाऊंच्या 'उषःकाला'तलें तें मारुतीच्या देवळाखालचें भुयार आधीं बुजवा, मग इतरांचीं मोजा." वडिलांच्या हातांतला चुना तसाच राहिला. काका मोठ्यानें हंसले. आपल्या पत्नीच्या बोलण्याला त्यांनीं चारचौघांत दिलेली ती पहिली दाद असावी.

हा वाद आमच्या घरापुरता नव्हता, हें मला पुढें नगरला शिकतांना कळलें. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 सालची. नारो सदाशिव रिसबूड यांनीं 1868 सालीं 'मंजुघोषा' लिहिली आणि प्रस्तावनेंत अद्भुताचा आश्रय कां केला याचें कारण दिलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, आम्हां हिंदूंचा संसार, विवाहादि चालीरीतींमुळें, इतका सपाट आहे कीं त्यांतील खऱ्या गोष्टी लिहिल्यास कोणाचें मन रमणार नाहीं. 1872 सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं 'नावल व नाटक' यांवर निबंध लिहून हा विषय चर्चेला घेतला, आणि तेव्हांपासून आपल्याकडे वास्तव आणि अद्भुत यांची वाटणी चालू आहे. अजून खातेफोड झालेली नाहीं.

रिसबुडांचें कारण मला कधींच पटलें नाहीं. त्यांच्या आधीं अकरा वर्षें बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांच्या आयुष्यांत किती कथा दडल्या आहेत हें दाखविलें होतें. आपला संसार सपाट नव्हता. त्यांतलें बोलतां येत नव्हतें. काकूंना मीं कॉलेजांतून आल्यावर मोठ्या विद्वत्तेनें रिसबुडांचें मत ऐकविलें, तेव्हां त्या निवडण्याचें सूप खालीं न ठेवतांच म्हणाल्या, "घरांत बोलतां येत नाहीं तें गडावर नेऊन बोलतात, झालें." अद्भुताच्या बाजूनें इतकें नेमकें वाक्य मीं कोणत्याही टीकाकाराकडून ऐकलेलें नाहीं.

पण म्हणून गडावर नेलेली प्रत्येक गोष्ट चांगली ठरत नाहीं, आणि येथें मला नातीच्या पुस्तकाकडे वळलें पाहिजे. तें मीं दिवाळीनंतर चष्म्याला ताण देऊन वाचून काढलें. त्यांत गेड नांवाचा एक बुद्धिमान विद्यार्थी आहे. विद्यालयांतल्या प्रतिस्पर्ध्यानें डिवचल्यामुळें तो केवळ आपली विद्या दाखविण्यासाठीं मेलेल्याचा आत्मा बोलावतो. आत्म्याबरोबर एक काळी छाया या जगांत शिरते. तें दार बंद करण्यांत विद्यालयाचा वृद्ध कुलगुरु प्राण वेंचतो, आणि गेडच्या तोंडावर जन्माचे वण राहतात. अमराईंतल्या भांडणाचेंच हें भावंड. फरक इतकाच कीं, येथें आंबे फांदीला परत लागत नाहींत.

अद्भुताच्या लेखकाची माझी कसोटी हीच आहे: चमत्काराचे पैसे कोण भरतो? महसुली माणसाची कसोटी म्हणा हवें तर. टॉल्किन यांचा फ्रोडो जग वांचवून घरीं परततो, पण त्याची जखम भरत नाहीं आणि अखेर त्याला तें घरही सोडावें लागतें, हिशेब चोख. मार्टिन सर्वांकडून वसुली करतात, कधीं कधीं चक्रवाढीनें. दातारांच्या शेवटच्या प्रकरणांत दंड फक्त दुष्टांना होतो आणि बाकीच्यांना सूट मिळते, हें काकांच्या आत्म्याची क्षमा मागून सांगितलें पाहिजे. आणि मालू? त्याच्या पोथींत गोरक्ष गुरूच्या झोळींतली सोन्याची वीट फेकून देतो, गुरु हळहळूं लागतो, तेव्हां तो गर्भगिरीचा अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवितो. फुकटचा चमत्कार, असें वाटेल. पण ज्याला सोनें नको आहे त्यालाच तो डोंगर सोन्याचा करतां येतो. किंमत आधींच भरलेली आहे. आमच्या खिडकींतून दिसणाऱ्या टेकड्यांवर आज मुरूम आणि कुसळें आहेत. दिवाळी सरली कीं पायथ्याच्या वस्त्यांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या पोरांना ही सोन्याच्या डोंगराची गोष्ट पाठ असते.

हें सारें मीं नातीला सांगितलें, तेव्हां तिनें मुलें विचारतात तोच प्रश्न विचारला, "मग काका-आजोबा जिंकले कीं काकू-आजी?"

काका 1974 सालीं गेले, दुष्काळानंतर दोन वर्षांनीं. त्याच सुमारास काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरले. रात्रीं मी कचेरींतून आल्यावर त्यांना वाचून दाखवीत असें. पहिल्या दिवशीं मीं अर्थातच 'वीरधवल' काढला. "तो नको," त्या म्हणाल्या, "तो मला दिसतो. कपाटांतलीं तिकडचीं पुस्तकें काढ." मीं 'कालिकामूर्ति' काढली. पहिल्या पानावर काकांची सही होती; तीवरून त्यांनीं बोट फिरविलें. मग रोज एक प्रकरण. दर दुसऱ्या पानाला त्या मला थांबवीत, हें असें कसें होईल, ही बाई इतकी भोळी कशी, हा मनुष्य तर मागेंच मेला होता ना, असे आक्षेप घेत, आणि काकांच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे तोंड करून घेत. मध्यें त्यांनीं उत्तरासाठीं जागाही सोडलेली असे.

एका रात्रीं मी एकदम थांबलों. पुढलीं दोन पानें वाळवीनें खाल्लीं होतीं. तसें मीं त्यांना सांगितलें. काकूंनीं डोळे मिटले आणि त्या दोन पानांत काय आहे तें, कोण कोठून शिरला, कोण काय बोलला, दिवा कोणी विझविला, सारें क्रमानें सांगून टाकलें. मी थक्क होऊन पाहत राहिलों.

"इतकें वाईट लिहिलें आहे," त्या म्हणाल्या, "कीं विसरूं म्हटलें तरी विसरत नाहीं. उलट पान."